गुरुवारचं गिऱ्हाईक

दत्तप्रसाद दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा मला काका म्हणाला, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. समोर तेवीस वर्षांचा पोरगा, पाठीवर सॅक, नाकावर ऊन लागून सोललेली कातडी, आणि म्हणतोय काय, ‘‘काका, तुम्ही मराठी ना? मला एक सिंथेसायझर निवडायचाय.’’

घ्यायचाय असं तो म्हणाला नव्हता, निवडायचाय म्हणाला होता. मी त्या दिवशीच सावध व्हायला हवं होतं.

सिडनीहून रात्रभराच्या बसवर असलेल्या डँडेनॉन्गला जुन्या वाद्यांचं एक दुकान आहे, तिथे मी दुरुस्तीचं काम करतो. दुकान कॉस्टाचं. कॉस्टाला वाद्यांतलं बेताचंच कळतं, माणसांतलं मात्र चांगलं कळतं. मी अठ्ठ्याण्णव साली मुंबईहून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन इथे आलो, इंजिनिअरची नोकरी मिळेना, म्हणून तोपर्यंत हे करू असं म्हणून इथे लागलो. ते ‘तोपर्यंत’ अजून चालू आहे. लोक जुने कीबोर्ड, गिटारचे अँप्लिफायर, आजीच्या घरातला इलेक्ट्रिक ऑर्गन असलं काहीबाही आणून टाकतात, मी उघडतो, साफ करतो, सोल्डर मारतो, वाजतं करतो. कॉस्टा विकतो.

ते दोन हजार आठ साल होतं. आपली मुलं तेव्हा विमानं भरभरून येत होती. स्टेशनवर, फॉस्टर स्ट्रीटवर, पेट्रोल पंपाच्या काउंटरमागे, जिकडे बघावं तिकडे आपलीच मुलं. कुठल्याही भाजलेल्या कोंबडीच्या दुकानाच्या वर जिना असायचा आणि जिन्यावर कॉलेजची पाटी. दत्तप्रसाद असाच एका जिन्यावरच्या कॉलेजात स्वयंपाक शिकत होता. हा चिंचवडचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, घरी कधी चहासुद्धा केला नसेल. पण इथल्या सरकारला हव्या असलेल्या कामांच्या यादीत आचारी होता, आचाऱ्याला इथे कायमचं राहता यायचं, म्हणून हा आचारी व्हायला आला. आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी, ते तास तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात घालवायचा. गुरुवारी कॉलेज नसायचं आणि शिफ्टही नसायची. म्हणून गुरुवारी दुपारी तो माझ्याकडे.

आणि एखाददुसरा गुरुवार नव्हे. दीड वर्षात मोजून सांगायचं तर साठेक गुरुवार. कॉस्टा दारातूनच हाक मारायचा, ‘‘रवी, तुझा मेट आलाय.’’ मेट म्हणजे इथल्या बोलीत दोस्त. मला वाटायचं, वर्कबेंचखाली जाऊन बसावं.

त्याला काय बनवायचं होतं ते आधी सांगतो, कारण ते मलाही कळायला वेळ लागला. त्याला मिनिमल टेक्नो करायचं होतं, आणि हाउस. पहिल्याच गुरुवारी त्याने माझ्या कानांवर हेडफोन घातले. एकसारखा ठोका चालू. त्यावर एक छोटा तुकडा, तोच, तोच, तोच. चार मिनिटं झाली, काही म्हणजे काही घडेना. मी हेडफोन काढायला हात वर केला तर म्हणाला, ‘‘थांबा काका, आत्ता.’’ आणि पाचव्या मिनिटाला तो तुकडा किंचित उघडला, शेजारच्या खोलीचं दार कुणीतरी जरासं ढकलावं तसा. बस, एवढंच. दत्तप्रसादचा चेहरा असा फुलला होता की जणू ते दार त्यानेच ढकललं.

‘‘हे मिनिमल,’’ तो म्हणाला. ‘‘आणि हाउस म्हणजे ह्याच ठोक्यावर, पण त्यात कॉर्ड्स असतात. तीन-चार सूर एकदम. जरा मायेने.’’

‘‘आणि हे ऐकायला लोक येतात?’’

‘‘नाचायला येतात, काका.’’

हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं, तर बापाच्या कारखान्यातून. वडील भोसरीला प्रेस शॉपमध्ये. लहानपणी डबा द्यायला जायचा तेव्हा दहा प्रेस एका दमात पत्रा कापत असायच्या आणि वडील आपल्या नकळत मान हलवत असायचे. इथे पुठ्ठ्याच्या कारखान्यातही घडी घालायचं यंत्र एका लयीत चालायचं, मिनिटाला एकशे बावीस ठोके, ह्याने घड्याळ लावून मोजलेले. त्यावर हा शिफ्टभर मनातल्या मनात तुकडे बसवायचा. आता फक्त ते वाजवायला एक यंत्र हवं होतं. एकच, कारण आठ जणांच्या घरात त्याच्या वाट्याला गादीशेजारची दोन फूट जागा होती.

त्याच्याकडे एक वही होती. स्पायरलची, दोनशे पानी. त्यात पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले. एका वेळी किती सूर वाजतात, आवाज साठवून ठेवता येतो का, नॉब किती, वजन किती, ट्रेनने नेता येईल का, मिनिमलला किती गुण, हाउसला किती गुण, आणि शेवटचा रकाना, पुढेमागे विकता येईल का. आमच्या दुकानातलं प्रत्येक यंत्र त्या वहीत होतं. हेडफोन लावायचा, दोन-दोन तास एकेक नॉब फिरवायचा, गुण लिहायचा, वही मिटायचा, आणि मुलगी बघून निघालेल्या मंडळींसारखं दारात उभं राहून म्हणायचा, ‘‘कळवतो, काका.’’

एक जपानी डिजिटल यंत्र होतं, त्यात हजारावर तयार आवाज. शहाण्या माणसाने दहा ऐकून सोडून दिलं असतं. ह्याने पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केली. बासरी, सतार, हेलिकॉप्टर, सगळं. चार गुरुवार गेले त्यात. पाचव्या गुरुवारी म्हणाला, ‘‘सगळे आवाज दुसऱ्या कोणाचेतरी वाटतात.’’

‘‘हे तुला पहिल्या दहा आवाजांत नाही कळलं?’’

‘‘अकरावा चांगला असता तर?’’

मग एका चर्चमधून एक अवजड यंत्र आलं, आठ सूर एकदम वाजवणारं. त्याच्यावर कॉर्ड दाबली की खोली भरून जायची, कॉस्टासुद्धा मान वर करून बघायचा. दत्तप्रसाद डोळे मिटून वाजवत बसला. मला वाटलं, सुटलो. तर डोळे उघडून म्हणाला, ‘‘हाउसला दहापैकी दहा. पण मिनिमलच्या बेसला जरा जाड होतंय.’’ कळवतो.

मग एक छोटं, कोरं, नव्या जमान्याचं. त्यात एक गोष्ट बदलायची तर बटण सहा वेळा दाबून आत आत जायचं. ‘‘तोपर्यंत मनातलं निघून जातं,’’ म्हणाला. हे मलाही पटलं, पण तोवर मी इतका वैतागलो होतो की पटलेलं दाखवलं नाही.

‘‘अरे, दोन्ही एका यंत्रात व्हायलाच हवं असं कोणी सांगितलं?’’ मी एकदा कावून विचारलं. ‘‘बेसला एक सूर लागतो, कॉर्डला चार. एक घे, चुकलं तर विक, दुसरं घे. इथली पोरं दर महिन्याला बदलतात.’’

‘‘चुकायला नको, काका.’’

‘‘का नको? चुकून कोणाचं काय जातंय?’’

त्यावर त्याने मला एजंटच्या ऑफिसची गोष्ट सांगितली. पुण्याला डेक्कनवर एजंट होता. वडील अर्धी रजा टाकून आलेले. एजंटने तीन कॉलेजांची नावं एका कागदावर पुढे ठेवली, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, टिक करा. वडील म्हणाले, तुला काय वाटतं? ह्याने मधल्या नावावर टिक केली. ‘‘दहा मिनिटांत, काका. दहा हजार किलोमीटर लांबचं कॉलेज मी दहा मिनिटांत निवडलं. इथे आलो तर तीन शेगड्या आणि चाळीस मुलं.’’

मी ते ऐकलं आणि सोल्डरिंगला लागलो. बरीच मुलं असलं काही सांगायची. ते ह्या वहीशी जोडावं इतकी अक्कल मला तेव्हा नव्हती, किंवा सबुरी नव्हती.

ज्या यंत्रासाठी ही सगळी कथा, ते मार्च दोन हजार नऊमध्ये आलं. राखाडी रंगाचं, पंचवीस वर्षांपूर्वीचं, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांखाली पडलेलं. एका वेळी एकच सूर वाजणार. आवाज साठवायची सोय नाही, म्हणजे आज सापडलेला आवाज उद्या हाताने पुन्हा शोधायचा. वर सरकत्या दांड्या, त्याही चिकटलेल्या. दत्तप्रसादने एका मिनिटात दोन रकान्यांत फुल्या मारल्या आणि पान उलटलं. ह्या माणसाने एका मिनिटात निकाल दिल्याचं ते पहिलंच उदाहरण, म्हणून मला आठवतं.

ऑगस्टमध्ये कॉस्टा म्हणाला, त्याचे सुटे भाग काढून घे आणि बाकीचं टाकून दे. मी ते बेंचवर उघडलं, दांड्या स्पिरिटने धुतल्या, आणि टाकायच्या आधी लागतंय का बघावं म्हणून एक सूर लावून ठेवला. गुरुवार होता. दत्तप्रसाद पलीकडे उभा होता. त्याने हात पुढे करून एक दांडी थोडीशी वर सरकवली.

आवाज उघडला. तेच ते, पाचव्या मिनिटाचं दार.

तो दोन तास हलला नाही. वही सॅकमध्येच राहिली. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा म्हणाला, ‘‘ह्यात निवडायला काहीच नाहीये, काका. जे हाताखाली आहे तेच. आणि कॉर्डचे तीन सूर मी एकेक करून रेकॉर्ड करीन, एकावर एक ठेवीन. झालं हाउस.’’

‘‘मग घेतोयस?’’

‘‘पुढच्या गुरुवारी नक्की सांगतो.’’

पुढच्या गुरुवारी तो धावतच आला. कारखान्यात त्याच्या शेजारी क्रेग नावाचा माणूस काम करायचा. हा क्रेग महिन्यातून एका रविवारी दुपारी एका बंद पडलेल्या कार्पेटच्या गोदामात स्पीकर लावून लोक जमवायचा. त्याच्याकडे ठोक्यांचं यंत्र होतं. तो दत्तप्रसादला म्हणाला होता, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चार वाजता अर्धा तास तुझा, ठोका मी देतो, वरचं तू वाजव. अट एकच, लॅपटॉप आणायचा नाही. माणूस ईमेल वाचतोय असं वाटतं म्हणे.

‘‘काका, अर्धा तास,’’ तो म्हणाला. ‘‘लोकांसमोर. मी घेतो हे. हेच घेतो.’’

तो सप्टेंबरचा पहिला गुरुवार. पैसे पुढच्या गुरुवारी आणतो म्हणाला. मी यंत्रावर ‘दत्ता’ असं मराठीत लिहून चिठ्ठी चिकटवली, कॉस्टाला सांगितलं हे गेलं, आणि त्या आठवड्यात माझ्या वेळात, रोज काम संपल्यावर, मी ते नीट केलं. सगळ्या पट्ट्यांखालचे रबर बदलले, जुने कपॅसिटर काढून नवे घातले, सूर तापल्यावर चढत होता तो जागेवर आणला. दीड वर्ष छळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मी हे का करत होतो मला माहीत नाही. पण करताना बरं वाटत होतं, हे खरं.

गुरुवारी तो आलाच नाही. फोन आला. मागे रस्त्याचा आवाज.

‘‘काका, सॉरी. पितृपंधरवडा चालू झालाय ना. आई म्हणते नवीन वस्तू घेऊ नको. घटस्थापनेला घेऊ.’’

‘‘नवीन?’’ मी म्हटलं. ‘‘अरे, ते यंत्र तुझ्याहून मोठं आहे. सेकंड हँडला पितृपंधरवडा लागत नाही.’’

‘‘आई ऐकत नाहीये, काका. प्लीज ठेवा.’’

ठेवलं. हे असलं काही कॉस्टाला समजावून सांगताना माझी काय अवस्था झाली ते मलाच माहीत. पूर्वज दोन आठवडे जेवायला येतात, म्हणून सिंथेसायझर घ्यायचा नाही. कॉस्टाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, माझी आई मंगळवारी काही विकत घ्यायची नाही. त्याला ते चालण्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. मी असल्या गोष्टी मागे टाकून आलो होतो, अशी माझी समजूत होती.

घटस्थापना शनिवारी होती. शनिवारी पुन्हा फोन.

‘‘काका, आई म्हणते आता थांबलाच आहेस तर दसऱ्यालाच घे. साडेतीन मुहूर्तांतला एक.’’

 आता मात्र माझा तोल गेला. ‘‘दसरा अठ्ठावीसला, सोमवारी. तुझा रविवार त्याच आठवड्यात. सहा दिवसांत हात बसणार आहे का तुझा त्याच्यावर? तू आचारी होणारेस, डीजे होणारेस की भटजी होणारेस, ते एकदा ठरव आणि कळव.’’

‘‘फक्त त्या सोमवारपर्यंत, काका,’’ तो म्हणाला. आवाज लहान झाला होता. मी फोन ठेवून दिला.

दसऱ्याला सहा दिवस होते. मंगळवारी दुपारी एक माणूस आला. चड्डी, रबरी चपला, हातात कॉफीचा कप. बेंचवर ते राखाडी यंत्र बघून म्हणाला, चालू आहे का? मी लावून दिलं. त्याने कप माझ्याच बेंचवर ठेवला, दोन दांड्या सरकवल्या, एक पट्टी दाबली, आणि म्हणाला, ‘‘घेतो, मेट.’’

कॉस्टा माझ्याकडे बघत होता. त्याला चिठ्ठी ठाऊक होती. त्याने मला विचारलं नाही, नुसता थांबला. मी म्हणू शकत होतो की ते बुक आहे. तेवढे शब्द तोंडापर्यंत आलेही होते. पण डोळ्यांपुढे साठ गुरुवार आले, ती वही आली, हेलिकॉप्टरचा आवाज आला, आणि शेवटी आई म्हणते, आई म्हणते. मी चिठ्ठी काढली आणि चुरगाळून टाकली. त्या माणसाला तीन मिनिटं लागली. मला वाटलं, याला म्हणतात घेणं.

घरी जाऊन हे मी वासंतीला सांगितलं, जरा ऐटीतच सांगितलं. माझी बायको कांदा चिरत होती. ती म्हणाली, ‘‘त्याला आधी एक फोन करायला काय झालं होतं तुला?’’ मी म्हटलं, दीड वर्ष तो मला कळवतो म्हणाला, एकदा मी नाही कळवलं. ती पुन्हा कांद्याकडे वळली. रात्री जेवताना मात्र भाजी मला अळणी लागली आणि ते मी बोलून दाखवलं नाही.

दसऱ्याच्या सोमवारी दुकान उघडलं तेव्हा दत्तप्रसाद दारात उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. हातात फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. आत येऊन त्याने एकेक वस्तू माझ्या बेंचवर काढून ठेवली. कुंकवाची पुडी. टिश्यू पेपरात बांधलेल्या अक्षता. झेंडूची माळ, कापडी, कारण खरा झेंडू मिळाला नव्हता. आपल्याकडे दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा करतात, भोसरीला त्याचे वडील प्रेसला हार घालायचे, ते त्याला करायचं होतं. मग तो बेंचवर शोधायला लागला.

‘‘विकलं,’’ मी म्हणालो.

तो थांबला. ‘‘माझं?’’

‘‘मागच्या मंगळवारी. तू काही येत नाहीस, असं वाटलं मला.’’ हे खोटं होतं. तो येणार हे मला पक्कं माहीत होतं. ‘‘किती थांबायचं, दत्ता? पितृपंधरवडा, घटस्थापना, दसरा. आईला एकदा सांगायचं होतंस की...’’

‘‘आई काही म्हणालीच नव्हती,’’ तो म्हणाला.

मला कळेना.

‘‘कॉलेज बंद पडलं, काका. सात तारखेला. सकाळी गेलो तर जिन्याच्या दाराला कुलूप आणि वर कागद. तीन आठवडे रांगांमध्ये उभा होतो. दुसऱ्या कॉलेजने घेतलं नाही तर व्हिसा गेला असता. शुक्रवारी सिडनीच्या एका कॉलेजने घेतलं. आईला ह्यातलं काहीच माहीत नाही.’’

‘‘मग मला का नाही सांगितलंस?’’

त्याने कुंकवाची पुडी उचलून पिशवीत ठेवली. ‘‘तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, आधी शिक्षणाचं बघ, यंत्र कुठे पळून जातंय. सगळे तेच म्हणाले असते. आणि मी ऐकलं असतं. आई म्हणते म्हटलं की आपल्यात कोणी पुढे विचारत नाही.’’

हे शंभर टक्के खरं होतं. मी अगदी तसंच म्हणालो असतो, शब्दही तेच. आणि पितृपंधरवडा मी चेष्टा करत, वैतागत, पण ताबडतोब खरा मानला होता. इथला कोणी असता तर त्याने विचारलं असतं, काय भानगड आहे, खरं सांग. मी आपला माणूस, मला ते सगळं आधीच कळत होतं.

‘‘पैसे मी बाजूला ठेवले होते,’’ तो म्हणाला. ‘‘तिकिटाला पण हात नाही लावला त्यातून.’’

मी शेल्फाकडे हात केला. ‘‘ह्यातलं कुठलंही ने. रविवारपुरतं ने. पैसे नकोत. कॉस्टाला मी सांगतो.’’

त्याने शेल्फाकडे बघितलं. चर्चवालं होतं, हजार आवाजांचं होतं, आणखी चार होती. सगळी त्याच्या वहीत गुणांसकट होती. तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मला दिसलं, हा आता पुन्हा रकाने मांडतोय. मग त्याने मान हलवली.

‘‘सहा दिवसांत नाही ठरणार माझं,’’ म्हणाला. दारापर्यंत गेला आणि वळला. ‘‘जो घेऊन गेला, त्याला किती वेळ लागला?’’

‘‘तीन मिनिटं.’’

‘‘मग त्याला माहीत असणार,’’ दत्तप्रसाद म्हणाला. ‘‘नो वरीज, काका.’’

सिडनीचं कॉलेज त्या आठवड्यातच सुरू होत होतं. फक्त रविवारसाठी त्याने कॉलेजकडून त्यापुढच्या सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती. आता थांबायला कारण उरलं नाही. तो बुधवारच्या बसने गेला. हे मला त्याची चौकशी करत दुकानात आलेल्या क्रेगकडून कळलं. गुरुवारी दुपारी कॉस्टा दारात उभा होता, रस्त्याकडे बघत, आणि हाक मारायला कोणी नव्हतं.

रविवारी मी त्या कार्पेटच्या गोदामात गेलो. वासंतीला सांगितलं, एका गिऱ्हाइकाचा अँप्लिफायर बघायला जातोय. तीसेक माणसं होती, पोरं, बायका, एक बाई तान्ह्या मुलाच्या कानांवर मोठे हेडफोन चढवून नाचत होती. चार वाजता क्रेगने ठोका चालू केला. एकशे बावीस. मी वाट बघितली. त्यावर काहीच आलं नाही. क्रेगने दत्तप्रसादचा अर्धा तास दुसऱ्या कोणाला दिला नव्हता, आणि त्यात स्वतःही काही वाजवलं नाही. नुसता ठोका. लोक डोळे मिटून नाचत होते. त्यांना वाटत होतं, हे असंच असतं. काहीतरी यायचं राहिलंय, हे त्या गोदामात क्रेग सोडला तर फक्त मला माहीत होतं. मी पाचव्या मिनिटाची वाट बघत पूर्ण अर्धा तास भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि नंतर गाडीत बसल्यावर मला रडू आलं. मला स्वतःचाच भयंकर राग आला होता. रागावायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

दत्तप्रसाद आता ब्लॅकटाउनला असतो. पीआर झाला, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, लग्न झालं, एक मुलगी आहे. औषधांच्या गोदामात शीतगृहाचं काम बघतो. दर दसऱ्याला त्याचा फोन येतो. कधी मुलीला फोन देतो, ती इंग्रजीत हॅपी दसरा म्हणते. त्या यंत्राविषयी आम्ही बोलत नव्हतो. सात वर्षांनी मला तसलंच एक सापडलं, राखाडी, त्याच बनावटीचं, बॅलरॅटजवळच्या एका शाळेने काढून टाकलेलं. मी ते नीट केलं, रबर, कपॅसिटर, सगळं, आणि दसऱ्याची वाट न बघता त्याला फोन लावला.

‘‘तुझं सापडलं,’’ मी म्हणालो. ‘‘तस्संच आहे. सिडनीला पाठवून देतो. पैशांचं बोलू नकोस.’’

पलीकडे मागे टीव्ही चालू होता.

‘‘अजून सूर चढतो का हो त्याचा, तापल्यावर?’’

‘‘नाही. लावलाय.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘कळवतो, काका.’’

त्यालाही आता काही वर्षं झाली. यंत्र माझ्या बेंचवर आहे, वर मराठीत चिठ्ठी आहे. अशा जुन्या यंत्रांना आता फार भाव आलाय, आठवड्यात एकदोघे तरी विचारतात. कॉस्टा म्हातारा झालाय, तो नुसता माझ्याकडे बघतो. गुरुवारी दुपारी मी ते चालू करतो, एक सूर लावून ठेवतो, आणि विचारणाऱ्याला सांगतो की हे बुक आहे.